थोरांच्या गोष्टी लेकीला नकोशा का होतात?

पत्र

ताई, नमस्कार. मी लालबागला राहतो, बेस्टच्या डेपोत नोकरीला आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंत. मुलगी यंदा टीवायबीएला, म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाला गेली. आमच्या घराण्यात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्रात केटी लागली (तो विषय राहिला, पुन्हा द्यावा लागणार), तेव्हापासून गप्प गप्प असते. माझे मेव्हणे तिच्यासमोरच म्हणाले, "मुंबई विद्यापीठाची बीए म्हणजे नुसता कागद." ते मला लागलं. म्हणून वाचनालयातून मी याच विद्यापीठात शिकून मोठ्या झालेल्यांची चरित्रं आणतो आणि रात्री जेवताना तिला सांगतो. बाबासाहेब, महर्षी कर्वे, डॉ. माशेलकर. "त्यांच्याकडे काहीच नव्हतं, तरी केवढे झाले! तुझ्याकडे तर सगळं आहे," असं समजावतो. परवा ती ताटावरून उठली. म्हणाली, "बाबा, मला त्यांच्यासारखं होता येणार नाही. मग मी वायाच गेले का?" दोन दिवस बोलली नाही. संध्याकाळी चाळीतल्या पोरांना शिकवत बसते, त्यातच वेळ जातो, मग स्वतःचा अभ्यास कधी करणार? या गोष्टी सांगणं मी बंद करू का?

— एक बाप, लालबाग

उत्तर

दादा, नमस्कार.

गोष्टी बंद करू नका. पण त्याआधी एक काम राहून गेलंय. लेकीने तुम्हाला सरळ प्रश्न विचारला, "मी वायाच गेले का?" तुम्ही त्यावर काय बोललात, ते पत्रात कुठेच नाही. आज घरी गेलात की आधी तेवढं उत्तर द्या. "नाही गं," इतकं पुरे. त्याला जोडून कुणाचंही उदाहरण नको. विसाव्या वर्षी केटी लागलेली मुलगी असा प्रश्न विचारते तेव्हा तिला बापाच्या तोंडून तो एक शब्द ऐकायचा असतो.

आता गोष्टींकडे येते. तुमचा हेतू चांगला आहे, माणसंही तुम्ही अस्सल निवडलीत. गडबड आहे ती "त्यांच्याकडे काहीच नव्हतं" या वाक्यात. पैसा नव्हता, हे खरं. पण काहीच नव्हतं, हे खरं नाही, आणि तुम्ही आणलेल्या चरित्रांतच ते लिहिलेलं सापडेल.

बाबासाहेबांचंच घ्या. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची गोष्ट. 1907 साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. हा आकडा लेकीला कधी सांगितलात का? टक्केवारी काढली तर चाळीससुद्धा भरत नाही. संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना ते घेऊ दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. घर म्हणजे परळच्या डबक चाळीतली एक खोली. तिथेच चूल, तिथेच सरपण, तिथेच सगळ्यांचं अंथरूण. दोन माणसांनी धड आडवं व्हायला जागा नव्हती. म्हणून वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः निजायचे. मुलगा दिव्याशी वाचत बसायचा. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा एखादा दागिना मागून आणायचे, तो गहाण ठेवायचे आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत करायचे.

दादा, या गोष्टीत तुम्ही कोण आहात ते बघा. तुम्ही आजवर लेकीला भीमरावांच्या जागी उभं करत आलात. तुमची स्वतःची जागा रामजींची आहे. त्यांनी पोराला वाचायला जागा करून दिली, स्वतःच्या झोपेतली जागा.

आणि घराबाहेर केळुस्कर गुरुजी होते. कृष्णराव अर्जुन केळुस्कर, विल्सन हायस्कुलातले शिक्षक. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसायचा. ते आपणहून त्याच्याशी बोलले, त्याला पुस्तकं दिली, मॅट्रिकनंतरच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे पैशांअभावी कॉलेज अडलं तेव्हा त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. 1912 साली बाबासाहेब बीए झाले ते त्यांच्या अफाट मेहनतीवर, हे तर आहेच. पण जागणारा बाप, दागिना काढून देणाऱ्या बहिणी, बागेत थांबून चौकशी करणारा एक मास्तर आणि महिना 25 रुपये, ही माणसं आणि हे पैसे वगळून गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या पोरीला वाटतं, थोर माणसं एकटीच वर चढली, मग मलाच एकटीला का जमत नाही?

माशेलकरांचंही तसंच. रघुनाथ माशेलकर सहा वर्षांचे असताना वडील गेले. आई अंजनीबाई मुलाला घेऊन गोव्यातल्या माशेलहून मुंबईत आल्या. गिरगावात राहणं, मिळेल ते काम, मुलगा महापालिकेच्या शाळेत, बाराव्या वर्षापर्यंत पायात चप्पल नाही. पुढच्या शाळेच्या प्रवेशासाठी 21 रुपये लागणार होते, तेही आईला उसनवारी करून जमवावे लागले. युनियन हायस्कुलात भावे सर भेटले. त्यांनी भिंगातून उन्हाची तिरीप कागदावर धरून तो जाळून दाखवला, हे माशेलकर आजही सांगतात. 1960 ला मॅट्रिकला राज्यात अकरावे येऊनही शिक्षण सुटायच्या बेतात होतं. टाटा ट्रस्टची महिना 60 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून कॉलेज झालं. मग माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई विद्यापीठाच्याच रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, 1966 ला पदवी आणि 1969 ला पीएचडी. अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द करवून घेणारे, सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक वगैरे सगळं त्यानंतरचं. तुम्ही बहुतेक तिथूनच सुरुवात करत असाल. तिथून सुरुवात करू नका.

कर्व्यांच्या बाबतीत मात्र मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या लेकीच्या आजच्या मनःस्थितीला ती गोष्ट सगळ्यात जवळची आहे आणि ती नेमकी त्या जागी क्वचितच सांगितली जाते. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. 1875 साली त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि ती द्यायला साताऱ्याला जाणं भाग होतं. वाहन नाही. पावसाचे दिवस. बरोबरीच्या मुलांसोबत कुंभार्ली घाट चढून, ओढे-नाले ओलांडत ते पायी साताऱ्याला पोचले. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण हवीत अशी अट होती. कर्व्यांना सतरावं पूर्ण झालं होतं. पण अंगाने अगदीच किरकोळ. परीक्षा समितीच्या साहेबांनी एक नजर टाकली, तुझं वय सतरा दिसत नाही म्हणाले आणि बाहेर काढलं. पेपरसुद्धा हातात पडला नाही.

सगळे सांगतात त्या जाण्याच्या वाटेबद्दल. मला परतीची वाट जास्त मोठी वाटते. तोच घाट, तेच नाले, आणि आता गावात जाऊन काय सांगायचं हा विचार डोक्यात. तुमची लेक आज त्या परतीच्या वाटेवर आहे. तिला महर्षींचा पुतळा दाखवून उपयोग नाही, तो घाट उतरणारा सतरा वर्षांचा मुलगा दाखवा. पुढच्या साली कोल्हापूरच्या केंद्रातून ती परीक्षा त्यांनी दिली. मॅट्रिक झाले 1881 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बीए झाले ते 1884 ला, म्हणजे सव्विसाव्या वर्षी. तुमची लेक एक विषय मागे राहूनही अजून पुष्कळ लवकर आहे. बीए झाल्यावरही कर्व्यांना काही कुणी मखरात बसवलं नाही. मुंबईत मुलींच्या शाळांमध्ये तासिका आणि घरोघरी शिकवण्या करत त्यांनी संसार चालवला. विधवांसाठी संस्था, 1916 चं महिला विद्यापीठ, 1958 चं भारतरत्न, हे सगळं त्या शिकवण्या करणाऱ्या मास्तरांच्या हातून पुढे झालं.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगते, राग मानू नका. तुमच्या यादीत तीन नावं आहेत आणि तिन्ही पुरुषांची. ऐकणारी मुलगी आहे. याच विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर नाशिकला जन्मलेली, कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात (तेव्हा तेही मुंबई विद्यापीठातच होतं) सगळ्या मुलांच्या मधे ती एकटी. परीक्षेत तिने असे गुण मिळवले की विलायतेत शिकायची सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळायला हवी होती. बाई म्हणून दिली नाही. मग तिने अहमदाबादला गुजरात कॉलेजात शिकवलं आणि काही इंग्रज हितचिंतकांनी पैसे उभे केल्यावर 1889 साली ऑक्सफर्ड गाठलं. 1892 ला तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी नाही, कारण बायकांना तेव्हा ती देतच नव्हते. मुंबईत परत येऊन 1897 ला एलएलबी केली. तरी कोर्टात पुरुष वकिलांच्या बरोबरीने उभं राहायचा हक्क मिळायला 1923 चा कायदा यावा लागला. म्हणजे सव्वीस वर्षं. "कष्ट केले की मिळतं," असं तुम्ही लेकीला म्हणत असाल तर ही गोष्ट तिला जरूर सांगा, कारण इथे कष्ट पूर्ण होते आणि तरी मिळालं नाही. दोष तिचा नव्हता. केटी लागलेल्या मुलीला हेही कळायला हवं की अडलेल्या प्रत्येक गोष्टीत आपलाच दोष असतो असं नाही.

आणि कमला सोहोनी. लग्नाआधीच्या कमला भागवत, दुर्गा भागवतांच्या बहीण. 1933 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बीएससी केली, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन, गुणवत्ता यादीत अव्वल. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले, म्हणून त्यांनीही तिथे अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळालेला माणूस. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. बावीस वर्षांची ही मुलगी थेट त्यांच्या ऑफिसात गेली आणि कारण विचारलं. ती हटेना तेव्हा अटी घालून घेतलं: पहिलं वर्ष कच्चा प्रवेश, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्या सगळ्या अटी तिने मान्य केल्या, वर्षभर खपून काम केलं, आणि त्यानंतर रामन यांनी तिचा प्रवेश पक्का केला, इतर मुलींनाही दार उघडलं. पण तो अपमान त्या पुढे कधी विसरल्या नाहीत, जाहीरपणे बोलूनही दाखवला. मला त्यांचं हे फार आवडतं. मोठ्या माणसाने शेवटी मान्य केलं म्हणून आधीचं सारं गोड मानून घ्यायचं, हे त्यांनी केलं नाही. 1939 साली केंब्रिजची पीएचडी मिळाली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. नंतर त्या मुंबईत परतल्या आणि फोर्टमधल्या विज्ञान संस्थेत शिकवलं, नीरा, डाळी, गरिबांच्या पोटात काय जातं यावर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतलं. ती इमारत तुम्ही रीगलच्या चौकातून जाताना शेकडो वेळा पाहिली असेल.

मेव्हण्यांच्या बोलण्याबद्दल थोडक्यात. त्यांचं म्हणणं तुम्हाला लागलं ते साहजिक आहे, मलाही वाचताना लागलं. पण त्यातला एक भाग मान्य करायला हवा. 1857 ला विद्यापीठ सुरू झालं आणि 1862 ला पहिले बीए बाहेर पडले ते चार जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. तेव्हा बीए माणसासाठी नोकऱ्या वाट बघत होत्या. आज मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठाखाली आहेत आणि दर वर्षी हजारो मुलं-मुली बीए होतात. नुसत्या पदवीवर आता दार उघडत नाही. लेकीला हे ठाऊक आहे, तिला रोज दिसतंय. म्हणून तिच्यापुढे पदवीचं गुणगान करू नका, ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. पण पदवी कागद आहे म्हणून फेकायची का, तर मुळीच नाही. पुढचे सगळे अर्ज त्याच कागदावर चालतात.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ अडले ते सांगते. "संध्याकाळी चाळीतल्या पोरांना शिकवत बसते." तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. दादा, तुमची मुलगी गप्प आहे, ताटावरून उठतेय, स्वतःला वाया गेलेली समजतेय, आणि तरी संध्याकाळ झाली की चार पोरं घेऊन शिकवायला बसते. तिचं मन कुठे लागतं ते तिने तुम्हाला दाखवलेलं आहे. आणखी पन्नास वर्षांनी कुणी तिच्याबद्दल लिहिलं तर हेच पान आधी लिहील, आणि कुणी काहीच लिहिलं नाही तरी त्या पोरांना ती आठवेल. एकदा तिच्या शिकवणीच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यात नुसते बसा. ती अपूर्णांक कसे समजावते ते ऐका. चुकूनही "आणि तुझा अभ्यास?" म्हणू नका.

तिला शिक्षिका व्हायचं असेल तर वाट सरळ आहे, सोपी नसली तरी. बी.एड.ला जायचं तर राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते आणि पदवीला निदान 50 टक्के लागतात, आरक्षित गटांना त्यात सवलत मिळते. म्हणजे त्या केटीचं महत्त्व इतकंच आहे की तो विषय सुटायला हवा आणि टीवायचे गुण जरा वर जायला हवेत. तिला शिक्षिका व्हायचं नसलं, तर तेही ऐकून घ्या.

केटीचं काम लांबवू नका. कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन पुढच्या परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, ते तारखेसकट लिहून आणायला सांगा. त्या कामाला तिच्यासोबत जायचं की नाही ते तिलाच विचारा. विसाव्या वर्षी बापाने कॉलेजच्या खिडकीवर आलेलं सगळ्या मुलींना चालत नाही. गुण मिळायला हवे होते असं तिला मनापासून वाटत असेल तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं, पण त्याला मुदत असते, ती गेली आहे का ते तिथेच कळेल. आणि अर्थशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना भेटून नेमकं कुठे अडतंय ते विचारायला सांगा. केळुस्कर गुरुजी बागेत आपणहून भेटले, सगळ्यांना तसे भेटत नाहीत. काहींना स्टाफरूमच्या दारावर टकटक करून शोधावे लागतात. त्या पहिल्या टकटकीसाठी तुम्ही तिला धीर द्या. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, तिला कुठली शिष्यवृत्ती लागू होते तेही याच फेरीत विचारून घ्यायला सांगा, पुष्कळ मुली हक्काचे पैसे फक्त अर्ज न केल्यामुळे घालवतात.

आणखी एक करा. त्याच कॉलेजातून चार-पाच वर्षांपूर्वी बीए होऊन आज कुठेतरी कामाला लागलेली एखादी मुलगी शोधा. तुमच्या डेपोत कुणाची लेक असेल, शेजारच्या चाळीत असेल. तिला घरी चहाला बोलवा आणि दोघींना बोलू द्या. बाबासाहेबांपर्यंतचं अंतर तुमच्या लेकीला आज फार वाटतंय. या मुलीपर्यंतचं अंतर तिला चालून जाता येईल. शिवाय पगार किती, इंटरव्ह्यूला काय विचारतात, कंप्युटरचा कुठला कोर्स कामाचा आणि कुठला पैसे उकळणारा, हे ती जितकं खरं सांगेल तितकं ना मी सांगू शकेन ना कुठलं चरित्र.

जेवताना गोष्टी सांगायच्या का, हा तुमचा मूळ प्रश्न. जेवताना नको. ताटावर बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, आणि तिला तर शेवटी उठावंच लागलं. वाचनालयातून पुस्तक आणाल ते तिच्या हातात न देता स्वतः वाचा, उघड्यावर ठेवा. पुढच्या खेपेला कमला सोहोनींवरचं काही मिळतंय का ते विचारा. वाचताना एखादी जागा तुम्हाला समजली नाही, बायोकेमिस्ट्री म्हणजे काय, प्रोबेशन म्हणजे काय, तर ते तिलाच विचारा. ती तुम्हाला समजावून सांगेल. तिला ते उत्तम जमतं.